परवानगी मिळणेबाबत

खालच्या पाखाडीची बाव माझ्यामुळे गेली. लोक म्हणतात टॉवरवाल्यांनी गिळली, बिल्डरनं खाल्ली, सरकारनं डोळेझाक केली. म्हणू देत. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात बिचारे. मी ती विहीर माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखनाची एकही चूक न करता त्यांना लिहून दिली.

मी नंदकुमार. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसलो. दारातून आत येताना माणूस माणूस असायचा, माझ्या टेबलापाशी पोचेपर्यंत त्याचा अर्जदार व्हायचा. कागदावर तो 'आपला विनीत', 'आपला आज्ञाधारक', 'आपला कृपाभिलाषी'. तो पाठमोरा झाला की आमच्या आपसांत 'हातजोड्या', 'पायपड्या', आणि फार वेळ बाकावर बसून राहिला तर 'गोचीड'. साहेबांच्या ओळखीने आला तर मात्र 'गृहस्थ'. मागणाऱ्यासाठी आपण किती शब्द करून ठेवलेत बघा. देणाऱ्याचं एका 'साहेब'मध्ये भागतं.

या सगळ्याचा मला कधी राग आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट त्यातलं मर्म मला कळलंय असं वाटायचं. कागदावर माणूस जितका वाकलेला, तितकी सही लवकर. म्हणून अडाणी माणसांना मी बाजूला घेऊन अर्ज लिहून द्यायचो, आणि त्यांना असं काही वाकवायचो की साहेबांनाच अवघडल्यासारखं व्हावं. पुण्यकर्म समजून करायचो.

निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून मी अंधेरी पूर्वेच्या या पाखाडीत, जुन्या गावठाणातल्या वस्तीत, राहतो. ह्युबर्ट आणि कॉन्सेप्टा यांच्या घराच्या माडीवर माझी भाड्याची खोली. ही मंडळी इथली मूळची, ईस्ट इंडियन कॅथलिक. आजूबाजूला भातशेती होती तेव्हापासूनची. ह्युबर्ट विमानतळावर मेकॅनिक होता, आता घरी असतो. कॉन्सेप्टा मसाला कुटून बाटल्या भरते आणि समोरच्या टॉवरमधल्या बायकांना विकते. थोरला वॉरेन, धाकटी डेल्फिन. माझी बायको गेली त्या वर्षी सहा महिने कॉन्सेप्टाने मला वर ताट पाठवलं, आणि एकदाही 'कसं वाटतंय' म्हणून विचारलं नाही. त्या घराचं माझ्यावर किती ऋण आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी हे केलं.

तर बाव. पाखाडीला लागून यांच्या भाऊबंदांचं शेत होतं, ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बिल्डरला गेलं. शेताच्या कोपऱ्यात ही बाव, ह्युबर्टच्या पणज्याने खणलेली. शेत विकलं तरी बाव विकली नव्हती. जुन्या नकाशात ती गावठाणाची म्हणून दाखवलेली आहे आणि तिच्याकडे जायची चार फुटांची वाटसुद्धा आखलेली आहे. टॉवर उभा राहिला, कंपाउंड आलं, गेट आलं, आणि बाव आत अडकली. पण वाट चालू होती. पाखाडीत कुणाचं लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी बायका लुगडी नेसायच्या, पुढे बँड लावायचा, आणि वरात थेट त्या गेटातून आत. वॉचमन बाजूला व्हायचा. बावीतून पाणी काढायचं आणि त्या पाण्याने नवरदेवाला नाहीतर नवरीला आंघोळ घालायची. याला हे लोक 'उंबराचं पाणी' म्हणतात. त्याशिवाय लग्न म्हणजे नुसती जेवणावळ, असं कॉन्सेप्टा म्हणते. इतक्या वर्षांत कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाला अडवलं नाही.

मागल्या वर्षी वॉरेनचं लग्न ठरलं. लग्नाआधी आठ-दहा दिवस घरच्या कर्त्या माणसाने बाव साफ करायची असते. ह्युबर्ट दोर आणि गळ खांद्यावर टाकून सकाळी निघाला. गेटवर वॉचमन नवा, आणि त्याच्या हातात मोबाइल.

"अंकल, कौनसा फ्लॅट?"

"फ्लॅट नाय रे बाबा, बावीवर जायचंय."

त्या मोबाइलात येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होते. डिलिव्हरी, कामवाली, ड्रायव्हर, पाहुणा, यातलं काहीतरी एक निवडावंच लागतं. पोराने चारदा बोट वरखाली केलं आणि ह्युबर्टला 'इतर'मध्ये टाकलं. मग परवानगीचा निरोप सोसायटीच्या सेक्रेटरीला गेला. सेक्रेटरी कुठल्याशा मीटिंगमध्ये. ह्युबर्ट पाऊण तास उन्हात उभा राहिला, खांद्यावर दोर घेऊन, आणि परत आला.

त्या रात्रीच्या जेवणाला मी खालीच होतो. वॉरेन नुसता पेटला होता. "उद्या बँड घेऊन जाऊ ना डॅडी, बघू कोण अडवतंय. वीस पोरं आणतो मी मरोळवरून. गेट तोडायला किती वेळ लागतो?"

"आणि लग्नाच्या दिवशी पोलीस चौकीत बस," मी म्हणालो. "अरे, साधी गोष्ट आहे. एक अर्ज द्यायचा. सेक्रेटरी मराठी माणूस आहे, विद्याधर म्हणून. शिकलेला, सभ्य. दोन शब्द गोड लिहिले की काम होतं."

कॉन्सेप्टा ताटं उचलत होती, ती थांबली. "अर्ज कशाला? बाव आमची हाय."

"तुमचीच आहे हो. पण मागायला काय जातं?"

"मागायचं असतं परक्याचं," ती म्हणाली. "आपलं असतं ते जाऊन घ्यायचं. नंदू, तू शिकलेला माणूस, तुला एवढं कळत नाय?"

मी हसलो. खरंच हसलो. जगाचा व्यवहार हिला कुठून कळणार, असं ते हसू होतं. मग मी त्यांना समजावून सांगितलं, की अर्ज म्हणजे काही हार नाही, ती एक पद्धत असते, आपण वाकल्यासारखं करायचं आणि समोरच्याने मोठं झाल्यासारखं करायचं, शेवटी पाणी मिळाल्याशी कारण. ह्युबर्ट भांडणाला घाबरणारा माणूस. त्यात पोराचं लग्न. तो म्हणाला, "लिव तू."

कोकणात माझ्या गावी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. तिथेही मागणंच असतं, पण घालणारा ताठ उभा असतो. तुका नारळ दिलो हा, कोंबो दिलो हा, आता पोरांची राखण कर म्हाराजा, नाय केलंस तर आमी आसंव आणि तू आसंस. देवाशी असं बोलणाऱ्या माणसांचा मी वंशज, आणि एका हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहायला बसलो तेव्हा माझ्या पेनातून काय आलं ते ऐका.

'विषय : आपल्या मालकीच्या विहिरीचे पाणी घेण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, आम्ही खाली सह्या करणारे, खालच्या पाखाडीतील गरीब व गरजू रहिवासी, आपणांस हात जोडून विनंती करतो की, आजवर आपल्याच कृपेने आम्हांस सदर विहिरीचे पाणी मिळत आले आहे. आपण आपल्या थोर मनास अनुसरून याही वेळी आम्हांस अर्ध्या तासापुरता प्रवेश द्यावा. हा आमचा हक्क नसून आपले औदार्य आहे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. आम्ही आपले सदैव ऋणी राहू. आपले कृपाभिलाषी.'

हक्क-औदार्याचं ते वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. फार आवडलं होतं मला.

ह्युबर्टने कागद डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. "गरीब कोण रे?"

"असं लिहायचं असतं."

"आणि मालकी त्यांची कवा झाली?"

"अहो ह्युबर्ट, तो मायना आहे. पत्राच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहिलं म्हणून काय कोणी आज्ञा पाळायला जातं का?"

त्याला ते पटलं, कारण मी सांगितलं होतं. त्याने सही केली. मला वाटलं, एका सहीला वजन नाही. म्हणून मी पाखाडीतली एकोणीसच्या एकोणीस घरं हिंडलो. म्हाताऱ्या माणसांना चष्मे शोधून दिले, ज्यांना मराठी वाचता येत नव्हतं त्यांना 'पाण्यासाठी आहे' एवढं सांगितलं, आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कॉन्सेप्टाने केली नाही. मी फार आग्रह धरला नाही. घर ह्युबर्टच्या नावावर, तिची सही नसली तरी चालण्यासारखं होतं.

अर्ज मंजूर झाला. दोन दिवसांत सोसायटीच्या लेटरहेडवर उत्तर आलं, की सद्भावना म्हणून, विशेष बाब म्हणून, संध्याकाळी पाच ते साडेपाच, वीस माणसं, बँड नको. मी तो कागद घेऊन खाली गेलो तेव्हा माझी छाती फुगली होती. ह्युबर्टने माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी वीस जण गेले. बँडवाले गेटबाहेर बाजे काखेत धरून उभे. बायका हळू आवाजात गात होत्या, कारण वॉचमनने तोंडावर बोट ठेवून दाखवलं होतं. बाल्कन्यांतून लोक मोबाइलवर शूटिंग करत होते, आणि कॉन्सेप्टाकडून मसाला नेणारी एक बाई वरून ओरडली, "आंटी, सो क्यूट!" कॉन्सेप्टाने मान वर केली नाही. तिने कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

विद्याधर स्वतः खाली आले होते. पांढरा कुडता, हसरा चेहरा, बोलणं अगदी आदबशीर. त्यांनी वॉरेनला शुभेच्छा दिल्या, मग मला विचारलं, "अर्ज तुम्ही लिहिलात ना? हल्ली असं मराठी वाचायला मिळत नाही हो. मी जपून ठेवलाय." मी ओशाळलो, खूश झालो, आणि त्यांना वाकून नमस्कार केला. हे आठवलं की आजही मला माझी शिसारी येते.

लग्न छान झालं. त्यानंतर चार महिन्यांनी टॉवरच्या गेटवर नोटीस लागली. विहीर बुजवून तिथे पार्किंगचा मजला होणार होता.

पाखाडी हादरली, पण घाबरली नाही. घाबरण्यासारखं काही नव्हतंच. जुना नकाशा होता, विक्रीचे कागद होते, नव्वदीतली तीन म्हातारी माणसं साक्ष द्यायला तयार होती. पाखाडीने वकील केला, तोही म्हणाला की वर्षानुवर्षांची वहिवाट आहे, कुणाला न विचारता तुम्ही येत-जात होतात, हा हक्क सहजासहजी मोडत नाही. सरकारी अधिकाऱ्यापुढे सुनावणीची तारीख लागली. मीही गेलो. सरकारी कचेरीत कसं बोलायचं ते या लोकांना मीच शिकवत होतो.

सोसायटीची वकीलबाई तरुण होती. नकाशावर ती काही बोललीच नाही. म्हाताऱ्यांना तिने एकही प्रश्न विचारला नाही. ती उठली, प्लास्टिकच्या पाकिटातून एक कागद काढला आणि वाचायला लागली. आवाज स्वच्छ, उच्चार उत्तम. 'आपल्या मालकीच्या विहिरीचे.' 'आजवर आपल्याच कृपेने.' 'हा आमचा हक्क नसून आपले औदार्य आहे.' मग तिने एकोणीस घरांच्या सह्या मोजून दाखवल्या.

आमचा वकील माझ्याकडे बघायला लागला. त्याला या कागदाबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्याने ह्युबर्टला विचारलं, "ही सही तुमचीच? कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाय साहेब. आमच्या माणसानं लिवलं, आमी सह्या केल्या."

मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, तो नुसता मायना आहे. असं लिहायची पद्धत असते. मी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत..."

"मग तर तुम्हाला जास्त कळायला हवं होतं," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. "हे बघा, तुम्ही लोक तिथे हक्कानं जात होतात की परवानगीनं, एवढंच मला बघायचंय. आणि तुम्ही तर स्वतःच लिहून दिलंय."

वकिलाने शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, पाखाडीत सही न केलेलं कुणी आहे का? आहे, मी म्हणालो, कॉन्सेप्टा आहे. तिच्या नावावर काय आहे? काहीच नाही. मग बसा, तो म्हणाला.

निकाल टपालाने आला. ह्युबर्टने तो माझ्याकडून वाचून घेतला. मी वाचताना थांबलो तरी तो 'पुढं वाच' म्हणायचा. संपल्यावर म्हणाला, "तुझ्या मनात वाईट नव्हतं रे नंदू." त्याने शिव्या दिल्या असत्या, खोली खाली कर म्हणाला असता, तर मी सुटलो असतो. वॉरेन बायकोला घेऊन मालाडला राहायला गेला, जाताना माझ्याशी बोलला नाही. कॉन्सेप्टा बोलते, पण कामापुरतं. वर ताट अजून येतं, ते मला गिळवत नाही.

पण खरी वाट लागली ती ह्युबर्टची, आणि ती मी लावली. उभ्या आयुष्यात या माणसाने कुणापुढे हात पसरला नव्हता. आता त्याला ती खोड लागली. रोज सकाळी तो टॉवरच्या गेटवर जाऊन उभा राहायचा. विद्याधरांची गाडी निघाली की पुढे व्हायचा, हात जोडायचा, "साहेब, थोडं थांबा ना, साहेब, डेल्फिनचं लग्न होईपर्यंत तरी." विद्याधर काच खाली करून रोज ऐकून घ्यायचे. "बघतो हां काका." वॉचमनला तो आता ओळखीचा झाला होता. मोबाइलमध्ये त्याची नोंद करायचीही गरज पडत नव्हती.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो जिना चढून माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला नाही.

"नंदू, एक कागद लिवून दे. उद्या बुजवतायत. एक कळशी पाणी काढून ठेवतो, डेल्फिनसाठी. बाटलीत भरून सील करून ठेवीन. तुझ्या हाताला गुण हाय."

"मी नाही लिहिणार, ह्युबर्ट. मेलो तरी नाही लिहिणार."

तेव्हा त्याने माझ्यापुढे हात जोडले. पाठीचा कणा किंचित वाकवून, नजर माझ्या पायांकडे. "मेहरबानी कर. तुझे लई उपकार होतील." वीस-बावीस वर्षं त्याच्या घरात राहिलो, त्याच्या ताटातलं जेवलो, आणि तो माझ्यासमोर टेबलाच्या पलीकडल्या माणसासारखा उभा होता. मला ते सहन होईना. त्याने हात सोडावेत, एवढ्यासाठी मी लिहून दिलं. आणि लिहिताना हात आपोआप चालला, 'सविनय', 'कृपावंत', सगळं जिथल्या तिथे आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो कागद आणि तांब्याची कळशी घेऊन गेला. बारा वाजले तरी आला नाही. मी आणि कॉन्सेप्टा ओट्यावर उभे होतो, एकमेकांकडे न बघता. टॉवरच्या बाजूने डंपरचे आवाज येत होते.

साडेबाराला तो दिसला. कळशी दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळू नये म्हणून जपून पावलं टाकत. शर्ट घामाने भिजलेला, चेहऱ्यावर हसू. "दिलं," तो लांबूनच म्हणाला. "साहेब स्वतः आले खाली. कागद वाचला, म्हणाले, काकांना द्या रे."

कॉन्सेप्टाने कळशीत बोटं बुडवली, नाकाशी नेली. मलाही वास आला. क्लोरीनचा.

"नळाचं हाय," ती म्हणाली.

"बाव सकाळीच भरली गं त्यांनी. मी पोचलो तवा अर्धी झाली होती. मग साहेबांनी वॉचमनला सांगितलं, आपल्या टाकीतलं द्या म्हणून. त्यांना काय पडलं होतं? तरी दिलं ना?"

तिने त्याच्या हातातली कळशी घेतली आणि गटाराशी नेऊन तिरकी केली. ह्युबर्ट धावला. त्याने दोन्ही हातांनी कळशीचा काठ घट्ट धरला. लहान मूल रडायच्या आधी करतं तसं तोंड झालं होतं त्याचं.

"ओतू नको गं," तो म्हणाला. "चार तास उभा होतो. मागून आणलंय मी."